डोळ्यांची साथ आणि पालथी कढई

आमच्या गावात दोन घरं एकमेकांशी बोलत नसली, तरी एकाच्या चुलीवर काय शिजतंय ते दुसऱ्याला बरोबर ठाऊक असतं. आमचं आणि शेजारच्या घराचं तसंच होतं. शेजारचं घर म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं. दोन्ही भाऊ आता नाहीत. त्यांनी वाटण्या केल्या तेव्हा शेत वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा वाटून घेतले. एक हळद शिजवायची लोखंडी कढई तेवढी वाटता येईना. ती एवढी मोठी, की आत दोन माणसं मांडी घालून बसतील. एका हंगामात हळद आधी कोणी शिजवायची यावरून भांडण पेटलं, आणि त्यात दोघी जावा, म्हणजे माझ्या सासूबाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, एकमेकींना असं काही बोलून बसल्या, की त्यानंतर बोलायला काही उरलंच नाही. पुढे गावात वाफेवरचे बॉयलर भाड्यानं मिळू लागले. कढई दोन घरांमधल्या बोळात पालथी पडली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. कढईचं काम संपलं, भांडणाचं मात्र जोरात चालू राहिलं.

मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला बजावण्यात आलं की कढईच्या पलीकडे बघायचं नाही. मी ब्लाउज शिवते. माझं मशीन बोळाकडच्या खिडकीशी मांडलेलं, कारण उजेड तिथूनच येतो. म्हणजे न बघण्याची ताकीद आणि बघण्याची सोय, दोन्ही मला सासरीच मिळाल्या. मी सोयीचा मान राखला.

आता सासूबाईंच्या डोळ्यांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकत आला होता. माणूस दारात उभं राहिलं तर सावली दिसायची. कोण आहे ते पायांच्या आवाजावरून ओळखायच्या. तांदूळ निवडायला बसल्या की खडे ताटात आणि तांदूळ बाहेर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उशीर करू नका, हा एकच डोळा आहे. आधी एकदा शिबिरात त्यांचा नंबर लागला होता, पण ऐनवेळी साखर वाढलेली निघाली आणि परत पाठवलं. मग मी साखर खाली आणायचा विडा उचलला. त्या काळात आमच्या घरात गुळाचा डबा दर दोन दिवसांनी जागा बदलायचा आणि दर दोन दिवसांनी तो न दिसणाऱ्या बाईला बरोबर सापडायचा. पण आणली बाई खाली एकदाची. गणपती उठले की शिबिराची गाडी येणार होती. अट एकच, डोळा स्वच्छ पाहिजे. लाली नको, चिपडं नको.

आणि नेमकी तेव्हाच गावात डोळ्यांची साथ आली.

सुरुवात झाली नागपंचमीच्या झोक्यापासून. लिंबाला झोका बांधला होता, माहेरवाशिणी आल्या होत्या, गावातल्या लेकी-सुना फेर धरून नाचत होत्या. एकीचा डोळा लाल होता. ती म्हणाली, केर गेलाय. तिनं पदराने डोळा पुसला आणि त्याच हातानं दुसरीबरोबर फुगडी धरली. दोन-तीन दिवसांत ज्या ज्या झोक्यावर बसल्या होत्या, त्या सगळ्यांच्या डोळ्यांत केर गेला. मग माहेरवाशिणी आपापल्या सासरी परतल्या. आठवड्यात वसमतहून माझ्या नणंदेचा फोन आला, "वैनी, आमच्याकडं घरंच्या घरं लाल होऊन राहिलीत." डोंगरकड्याहून एकीचा आला, हिंगोलीहून एकीचा. जिथं जिथं आमच्या गावाची सोयरीक, तिथं तिथं आमच्या गावाचे डोळे. आणि दोन शेतं ओलांडली की जे गाव लागतं, त्याच्याशी आमचा शिवेवरून जुना वाद, लेक देणं नाही की घेणं नाही. तिथं गणपतीपर्यंत एकाचाही डोळा आला नाही. माझा तेव्हापासून पक्का समज आहे, की आजाराला सडक लागत नाही, नातं लागतं.

पुरुषांना वाटलं हा बायकांचा आजार. त्यांना तो भजनी मंडळातून मिळाला. आमचे मालक मंडळात पखवाज वाजवतात. पेटीवर एक पंचा टाकलेला असतो. रंग भरला की ज्याला घाम येईल तो त्यानं तोंड पुसतो. मंडळात सगळ्या आळ्यांची माणसं आहेत. एकमेकांच्या घरी पंगतीला बसायची वेळ आली तर निम्म्या लोकांना नेमकं तेव्हाच शेतात काम निघतं. पण पंचा एक. एका एकादशीला विठ्ठलाला आळवलं आणि द्वादशीला सगळं मंडळ डोळे चोळत उठलं.

मग आले काळे चष्मे. लाल डोळ्याकडे बघितलं की आपला डोळा येतो, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री. बाजारातले काळे चष्मे संपले. म्हशीची धार काढायला बसलेला म्हातारा चष्म्यात, पिठाच्या गिरणीत बाया चष्म्यात. गावात एक दहावा झाला, तिथं पिंडाभोवती सगळी भावकी काळे चष्मे लावून बसली होती आणि कावळा बराच वेळ खाली उतरेना. पण चष्मा परवडायला तर हवा. एका घरात चार भावांत एकच होता. जो बाहेर निघेल तो लावायचा, आला की खुंटीला अडकवायचा. चौघांना आळीपाळीनं, न चुकता, आजार पोचला.

साथ कुठून आली याचाही शोध लागला. वरच्या आळीनं सांगितलं, खालच्या आळीतून. खालच्या आळीनं सांगितलं, बाजारातून. आणि दोन्ही आळ्यांचं एकमत झालं ते तांड्यावर. तांडा गावापासून थोडा दूर, माळाला लागून. तिथली एक बाई आमच्या हळदीत खुरपायला येते आणि ब्लाउजही माझ्याकडेच टाकते. ती माप द्यायला आली तेव्हा मी आपली सहज बोलून गेले, "तुमच्याकडून आली म्हनून राहिलेत लोक."

तिनं हात खाली घेतले. "काकू, मागं आमच्या लमाणांचे बैल मीठ घेऊन येत व्हते, तवा तुमच्या गावाला गोड लागलं. आजार आला की मातर आमचा व्हय? आमच्याकडं पहिला डोळा आला तो माझा. तुमच्याच वावरातून गेलता घरी. तुमच्या मालकाच्या गडव्यानं पाणी पिले मी, न्हाई आठवत?"

मला आठवत होतं. गडवा मीच दिला होता, वरून पाणी ओतायचं सोडून, उन्हात कोण उभं राहणार म्हणून. मी माप घेतलं आणि अर्धा इंच चुकलं.

माझ्या आजेसासऱ्यांच्या तोंडची गोष्ट मालक सांगतात. पूर्वी पटकी यायची, तेव्हा आळीआळीचे आड वेगळे. एका आडावरची माणसं पटापट जायची आणि शेजारच्या आडावरच्या कुणाचं पोटही दुखायचं नाही. मग ज्यांचं काही झालं नाही ते म्हणायचे, त्या आळीचंच काही चुकलंय, देवी कोपली. मग मरीआईचा गाडा सजवायचे, वाजत गाजत शिवेवर नेऊन सोडायचे. पलीकडच्या गावानं तो ओढून पुढच्या शिवेवर न्यायचा. अशी देवी गावोगाव हिंडायची, आणि गाडा ओढणारी माणसं शिवेवर एकमेकांच्या हातचा प्रसाद खायची. आता गाडा राहिला नाही. आता आम्ही नुसतं बोट दाखवून काम भागवतो.

असो. माझ्यापुढे प्रश्न होता तो सासूबाईंच्या एका डोळ्याचा. मी घराचा किल्ला केला. त्यांना आतल्या खोलीत बसवलं. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. टॉवेलांची गल्लत नको म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यावर मशीननं रंगीत दोऱ्याची खूण घातली. मालकांचा हिरवा, लेकीचा गुलाबी, माझा पिवळा, सासूबाईंचा तांबडा. मालक म्हणाले, टॉवेल म्हणजे टॉवेल. त्या वाक्यावर त्यांना दोन दिवस ओसरीवर झोपावं लागलं. सासूबाईंच्या खोलीत जायच्या आधी सगळ्यांनी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, हा नियम.

सासूबाईंना याची फार गंमत वाटायची. "आमी लहान असताना माझी सासू मला असंच करायची," त्या म्हणायच्या. "मडक्याला हात लावू देत न्हवती. आता सून करून राहिली. मदी माझं राज्य कवा व्हतं ते कळलंच न्हाई."

"ते सोवळं होतं, आत्याबाई. हे डोळ्यासाठी हाय."

"एकच हाय गं. ज्याच्यावर करतात त्याला इचार."

त्या मजेत बोलायच्या, पण रात्री जेवताना ताटात बोटं फिरवत भाजी शोधायच्या तेव्हा मी मनाशी म्हणायचे, हा डोळा मी शिबिराच्या गाडीत बसवणारच.

इकडे कढईच्या पलीकडे वेगळीच जत्रा भरली होती. थोरल्या बाईंची, म्हणजे सासूबाईंच्या त्या जाऊबाईंची, नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आणि आमच्याकडे डोळे आले की पहिलं औषध म्हणजे बाळंतिणीचं दूध. डोळ्यात दोन थेंब टाकले की सकाळी डोळा निवळतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गावात तेव्हा ओली बाळंतीण ही एकच. एरवी बाळंतिणीच्या खोलीत परक्या माणसाची सावली पडू देत नाहीत, पण गरजवंताला अक्कल नसते. सकाळपासून दारात रांग. पोरगी बिचारी वाटीत थोडं दूध काढून द्यायची आणि थोरल्या बाई उंबऱ्यात बसून प्रत्येकाच्या डोळ्यात थेंब टाकायच्या. त्यांचा हात हलका आणि नजर तेज. त्यांचे दोन्ही मोतीबिंदू मागेच काढलेले. बोळाच्या त्या टोकाची मुंगी त्यांना दिसते. कापसाची एकच वात वाटीत बुडवायची, एकाच्या डोळ्यात पिळायची, पापणी अंगठ्यानं खाली ओढायची, अंगठा पदराला पुसायचा आणि पुढच्याला "ये" म्हणायचं.

त्या रांगेत मी कोणकोण बघितलं म्हणून सांगू! वरच्या आळीचे, खालच्या आळीचे, तांड्यावरचे, बाजारातून सामान द्यायला आलेला टेम्पोवाला. ज्यांना थोरल्या बाईंनी जन्मात कधी घरातलं पाणी दिलं नसतं आणि ज्यांनी ते प्यायलं नसतं, ते सगळे मान वर करून दूध घेत होते. तोंडाला विटाळ, डोळ्याला माफी. एकमेकांना दूर ठेवायचे जेवढे म्हणून नियम आमच्या गावानं केले, ते सगळे तोंडाचे. डोळ्याचा कुणी करायचाच राहिला होता.

आशाताई येऊन ओरडून गेली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनीही निरोप पाठवला, की डोळ्यात काही घालू नका, हात धुवा, बाळाला जपा. थोरल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर लहानपनी काय घालत व्हता डोळ्यात, त्याच्या मायला इचारून ये." रांग तशीच राहिली.

मी खिडकीतून हे बघायची आणि मनात म्हणायची, बघा, कढईच्या अलीकडे कशी शिस्त आहे! मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू. सगळं गाव लाल, आणि आमच्या आतल्या खोलीत एक पांढराशुभ्र डोळा.

शिबिराच्या गाडीला चार दिवस राहिले आणि सासूबाईंचा डावा डोळा आला. सकाळी चहा घेऊन गेले तर पापण्या चिकटलेल्या. कोमट पाण्यानं पुसल्या, आणि आत बघितलं तर कुंकवासारखा लाल. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. एवढं करून! माझ्या किल्ल्यात फितूर कोण?

मी चौकशी मांडली. मालकांना उभं केलं. ते म्हणाले, मी हिरवाच वापरला, आईशप्पत. लेकीला विचारलं, तिचे डोळे येऊन कधीच बरे झाले होते आणि ती आजीच्या खोलीत गेलीच नव्हती. मग मी माझ्या मापाच्या टेपवर संशय घेतला, ती साबणात उकळली, तर आकडे निघून गेले. सासूबाईंना विचारलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "हवेतून आलं आसल."

"हवा तुमच्याच खोलीत कशी आली? खिडकीला मी पडदा शिवून लावलाय."

"मग पडद्यातून आलं आसल."

गाडी आली. बाकीच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना घेऊन गेली. तपासणाऱ्या बाईनं सासूबाईंचा डोळा बघून नुसती मान हलवली. गाडी गेल्यावर सासूबाई ओसरीवर बसून राहिल्या. नंतर म्हणाल्या, "धुराळा दिसला गं मला गाडीचा. म्हणजे अजून दिसून राहिलं थोडं."

त्याच दुपारी मी मशीनवर होते. त्या आत पडून होत्या. भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं. सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "पोट दुखून राहिलं आसल. नाक मातर बराबर आपल्या घराचं घेऊन आलंय लेकरू. धारदार."

माझा पाय पायट्यावरच थांबला. ज्या बाईला दारातलं माणूस दिसत नाही आणि जिनं पलीकडच्या घरात कढई पालथी पडल्यापासून पाऊल टाकलेलं नाही, तिला भिंतीपलीकडच्या बाळाचं नाक कसं ठाऊक?

मी आत जाऊन उभी राहिले. "आत्याबाई, नाक कुणी दाखवलं तुमाला?"

त्यांनी पदर तोंडावर ओढला. मग हळूच, "हाताला लागलं."

मग एकेक सुटत गेलं. मी दोरे आणायला बाजारला गेले होते, त्या दिवशी म्हातारी भिंत चाचपत मागच्या दारानं बोळात उतरली होती. रांग सरल्यावर. डोळा आल्यावर नव्हे, डोळा येऊ नये म्हणून! "आदीच टाकून ठिवलं तर येतच न्हाई, असं ऐकलं व्हतं," त्या म्हणाल्या. "गाडी हुकू ने म्हनून गेलते गं. तू एवढं करून राहिली, वाटलं आपन बी काई करावं."

मला हसावं का रडावं कळेना. सगळ्या गावाच्या डोळ्यांत फिरून आलेली ती वात, आणि ही बाई आपला एकमेव चांगला डोळा तिच्यापुढे स्वतः होऊन घेऊन गेली. मी कपाळाला हात लावला.

"म्हणजे अबोला सुटला म्हणा की तुमचा."

त्या ताडकन उठून बसल्या. "न्हाई! मी न्हाई बोलले. ती बी न्हाई बोलली."

"मग मुक्यानंच दूध घातलं?"

"लेकरू व्हतं की मांडीवर. ती लेकराला म्हनली, 'सांग तुज्या धाकट्या पणजीला, मान वर कर म्हनावं.' मी लेकराला म्हनलं, 'सांग तुज्या थोरल्या पणजीला, डावा डोळा हाय म्हनावं. उजव्यात टाकून वाया घालू नका.' मग ती लेकराला म्हनली, 'सांग, एवडी वाळली कशानं म्हनावं.' मी म्हनलं, 'सांग, गूळ लपवून राहिली सून.'"

एवढ्या वर्षांनी पहिला निरोप गेला तो माझ्या चहाडीचा.

मी तशीच तरातरा बोळात गेले. थोरल्या बाईंना चार शब्द सुनवायचे असं ठरवून गेले होते. त्या उंबऱ्यात बाळाला घेऊन बसल्या होत्या. वाटी नव्हती, रांग नव्हती. त्यांचेही डोळे लाल झालेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाळाच्या तळव्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "सांग रे तुज्या काकूआजीला, माझ्या हातानं तिच्या सासूचा डोळा गेला तर मी या कढईवर डोकं आपटून घीन म्हनावं."

माझे चार शब्द तोंडातच राहिले. मी म्हणाले, "सांग रे, डोळा जात न्हाई. पण आता हात धू म्हनावं, साबणानं." आणि परत आले. बघा, मीही बाळालाच सांगितलं. ही सवय पटकन लागते, डोळ्यांच्या साथीपेक्षाही लवकर.

डोळा निवळला. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब घालून, तांबड्या दोऱ्याच्या टॉवेलनं, निवळला. पण शिबिराची गाडी परत कधी येईल ते कुणी सांगेना, म्हणून दसरा झाल्यावर आम्ही एसटीनं हिंगोलीला निघालो. बस सुटायच्या वेळी थोरल्या बाई चढल्या आणि आमच्या पुढच्या सीटवर पाठ करून बसल्या. मी विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला माझं काम हाय हिंगोलीला." दवाखान्यात त्या आमच्या आधी पोचल्या, कारण त्यांना वाट ठाऊक होती. आम्ही मागून. नर्सनं थोरल्या बाईंकडे बोट दाखवून विचारलं, या पेशंटच्या कोण? मी म्हणाले, जाऊ. थोरल्या बाई म्हणाल्या, "मी माझ्या कामानं आले." आणि ऑपरेशन होईपर्यंत त्या बाकावरून हलल्या नाहीत. त्यांचं काम काय होतं ते अजूनपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

पट्टी निघाली. सासूबाईंना दिसायला लागलं. लोक म्हणतात अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्या घरात पाणी माझ्या डोळ्यांत आलं. कारण घरी आल्या आल्या त्यांनी आढ्याकडे बघून विचारलं, "एवढी जळमटं? आन्‌ ह्या पडद्याची शिवण अशी वाकडी काहून गेली? लोकायचे ब्लाउज बी असेच शिवतीस व्हय?" मी त्यांच्यासाठी केलेली सगळी तपश्चर्या त्या एका वाक्यात फिटली. पण संध्याकाळी त्यांनी ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडले. एकही खडा सुटला नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते, आणि मला इतकं बरं वाटलं की मी जळमटंही काढली.

डोळ्यात थेंब मात्र बरेच आठवडे घालायचे होते, दिवसातून तीनदा. ते काम माझं. तर सासूबाईंची तक्रार, "तू मशीनवाली. सुई घातल्यागत टाकतीस." दोन दिवसांनी थेंबांची बाटली जागेवर दिसेना. खिडकीतून बघितलं तर सासूबाई पालथ्या कढईवर बसलेल्या, मान वर. समोर थोरल्या बाई, मांडीवर बाळ, हात ओले. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी मोठ्यानं बाळाला सांगितलं, "सांग तुज्या काकूआजीला, साबणानं धुतलेत म्हनावं."

मग ते रोजचंच झालं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. थेंब पडायला किती वेळ लागतो? पण त्या दोघी बाळाच्या मार्फत अर्धा-अर्धा तास बसायच्या. बाळाला पावसाचं सांगायच्या, हळदीच्या भावाचं सांगायच्या, कुणाची सून कशी निघाली ते सांगायच्या. बाळ बिचारं मुठी चोखत सगळे निरोप पोचते करायचं. मालक एकदा म्हणाले, आता सरळच बोला की. दोघींनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की ते पखवाज घेऊन मंदिरात गेले. अबोला म्हणजे अबोला. तो मोडायचा तर आधी कोण मोडणार, आणि मोडला तर कढईचं काय?

दिवाळी झाली. नातजावई गाडी घेऊन आला आणि बाळंतिणीला, बाळाला घेऊन गेला. दोघी पणज्या आपापल्या दारात उभ्या होत्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर दोघी आपापल्या घरात गेल्या आणि बोळात कुणीच राहिलं नाही. मी मशीनवर बसले होते, पण त्या दिवशी माझं शिवण पुढे सरकेना. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "गेलं लेकरू." एवढंच.

दुपारच्या थेंबांची वेळ झाली. मी म्हणाले, "आणा, मी टाकते." त्यांनी बाटली दिली नाही. पदर सावरला आणि मागच्या दारानं बोळात उतरल्या. कढईवर बसल्या, बाटली मांडीवर ठेवली, मान वर केली. कोंबडी उडून बाजूला गेली.

थोरल्या बाई आल्या. हात ओलेच होते. त्यांनी बाटली घेतली, झाकण काढलं आणि थांबल्या. मांडी रिकामी होती. इकडेतिकडे बघितलं. बोळात कुणी नाही. खिडकीत मी, तर मी मान खाली घालून दोरा ओवायला लागले. सुईचं नेढंच सापडेना. मला वाटलं, आता या बाटली ठेवून परत जातील. आणि एकदा परत गेल्या की गेल्या.

थोरल्या बाईंनी घसा साफ केला. मग खाली बघत, कढईच्या गंजलेल्या काठाला म्हणाल्या, "सांग तिला, डोळा उघडा ठेव म्हनावं."

सासूबाईंची मान वरच होती. त्या दिसणाऱ्या एका डोळ्यानं त्यांनी जाऊबाईंकडे नीट बघितलं.

"कढईला काहून सांगून राहिल्या, बाई?" त्या म्हणाल्या. "मी हाय की."

इतक्या दिवसांत थोरल्या बाईंचा थेंब पहिल्यांदाच चुकला. डोळ्यात पडायचा तो गालावर पडला आणि सुरकुतीतून खाली ओघळला. सासूबाईंनी तो पुसला नाही.

"परत टाका," त्या म्हणाल्या.